बिलातली सातवी ओळ : इंजिन फ्लश

गेल्या सप्टेंबरात गाडीचं बिल हातात आलं आणि सवयीने मी ओळ न् ओळ वाचायला घेतली. वीस वर्षं एलआयसीची एजंट आहे. लोकांना पॉलिसीवरची बारीक अक्षरं वाचायला लावते, मग स्वतः कशी सोडणार? सातव्या ओळीवर अडखळले. ‘इंजिन फ्लश, ४५०’. म्हणजे ऑइल बदलण्याआधी जुन्या ऑइलमध्ये एक बाटली ओतून इंजिन आतून धुणं. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५३१. हे करा असं मी सांगितलं नव्हतं. पण नको असंही म्हटलं नव्हतं, ते नंतर आठवलं.

गाडी माझी २०१४ ची स्विफ्ट, डिझेल. १ लाख २४ हजार किलोमीटर झालेत आणि जवळपास सगळे माझ्याच हातचे. कोल्हापूर, गडहिंग्लज, आजरा, चंदगड आणि परत. दर १०,००० ला ऑइल आणि फिल्टर, एकदाही चुकवलेलं नाही. तारखा डायरीत आहेत, लोकांच्या हप्त्यांच्या तारखांशेजारीच.

वर्कशॉप महामार्गालगतचं, सगळ्या कंपन्यांच्या गाड्या घेणारं, मोठं. नाव लिहीत नाही, कारण हीच ओळ दोन मैत्रिणींच्या बिलात मी पाहिली आहे आणि त्या वेगवेगळ्या ठिकाणी जातात. आत एसी, कॉफीचं मशीन आणि गेल्या गेल्या “सर नाही आले?” हा प्रश्न. सर घरी आहेत आणि सरांना गाडी चालवता येत नाही असं सांगितलं, की माणसं जरा पटकन मुद्द्यावर येतात.

मुद्दा असा की ॲडव्हायझरने बॉनेट उचललं, डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, ओढली, पांढऱ्याशुभ्र टिश्यूवर पुसली आणि टिश्यू माझ्यापुढे धरला. काजळाचं बोट ओढावं तसा पट्टा. “बघा मॅडम, किती काळं झालंय. आतून फ्लश मारून घेऊ, म्हणजे नवीन ऑइल लवकर काळं होणार नाही.” तेवढ्यात मला एका मॅच्युरिटी क्लेमचा फोन आला. मी मान हलवली असणार. त्याने ती होकारार्थी धरली असणार.

गाडी आत गेली. ग्राहकांना आत सोडत नाहीत, पण काच आहे. दीड तास गाडी नुसती उभी होती, म्हणजे इंजिन चांगलंच निवलेलं. मग एका पोराने बाटली ओतली आणि इंजिन चालू केलं तेव्हा घड्याळात ११:५२ झाले होते. ११:५६ ला बंद. लगेच खाली ट्रे सरकवला. या बाटल्यांवर सरळ लिहिलेलं असतं, की इंजिन गरम असताना, जुन्या ऑइलमध्येच ओता, दहा-पंधरा मिनिटं रेस न देता नुसतं आयडलवर चालवा, मग काढा. गार इंजिनात चार मिनिटं ठेवून काय धुतलं असेल ते त्या पोरालाच माहीत. म्हणजे नको असलेली वस्तू मी घेतली आणि तीही अर्धवट मिळाली.

पुढची गंमत घरी. नवीन ऑइलची डिपस्टिक मी दुसऱ्या दिवशी पाहिली, तर मधासारखं. ६०० किलोमीटरनंतर पाहिली, तर पुन्हा काजळ.

तेव्हा मी उद्यमनगर गाठलं. शिवाजी उद्यमनगर म्हणजे आमच्या कोल्हापूरचं लोखंड खाणारं पोट. फाउंड्रीपासून लेथपर्यंत सगळं तिथे, आणि त्यातल्याच एका बोळात आमचे मिस्त्री. वडिलांच्या स्कूटरपासून आमचे. मी टिश्यूची गोष्ट सांगितली तर ते हसायलाच लागले.

“ताई, डिझेलचं ऑइल काळं हुणारच. काळं झालं म्हंजे ते काम करालंय. काळं न्हाई झालं तर काळजी करायची.”

मग त्यांनी त्यांच्या पद्धतीने समजावलं, आणि ते इतकं सरळ होतं की एवढी वर्षं मला कुणी सांगितलं कसं नाही याचंच नवल वाटलं. डिझेल जळताना काजळी होते आणि थोडी पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली ऑइलमध्ये उतरते. इंजिन ऑइलमध्ये कारखान्यातूनच साबणासारखी रसायनं घातलेली असतात. काही घाण सोडवतात, काही त्या घाणीचे कण एकमेकांना चिकटू न देता तरंगत ठेवतात. म्हणून ऑइल काळं दिसतं. तरंगती घाण ऑइल बदललं की बाहेर जाते. वाईट ती घाण जी तरंगायची सोडून भिंतीला चिकटते. तिचा डिपस्टिकवर पत्ताच लागत नाही. म्हणजे त्या टिश्यूवरून इंजिनाच्या आतल्या स्थितीचं काहीच कळत नव्हतं.

मग कळतं कशावरून? मिस्त्रींनी ऑइल भरायचं झाकण काढून उलटं धरलं. आतली बाजू तेलकट, तपकिरी, बोट फिरवलं तर धातू दिसला. भोकातून टॉर्च मारला, जेवढा भाग दिसतो तेवढा फिक्या चहाच्या रंगाचा. “ह्याला काय धुवायचं?” दुसरी परीक्षा तर मला फारच आवडली. खिडकीतून एक जुनी लग्नपत्रिका काढली, मागच्या कोऱ्या बाजूवर डिपस्टिकचा एक थेंब टाकला आणि ती कपाटावर ठेवून दिली. चहा होईपर्यंत थेंब पसरला. मध्यभागी गडद आणि कडेला हळूहळू फिकट होत जाणारा, कुठेही तुटलेला नाही. साबण शिल्लक आहे, काजळी ऑइलबरोबर चालते आहे. साबण संपला की काजळी मधेच थांबते, तिथे काळा ठिपका आणि त्याभोवती ठळक कड उठते आणि बाहेर नुसतं तेल पाझरतं. ती पत्रिका मी घरी आणली. नवरा-नवरीला कल्पना नसेल.

त्यांच्या सांगण्यावरून पुढच्या वेळचं ऑइल मी त्यांच्याकडेच बदललं, फ्लशशिवाय, आणि जुना कागदी फिल्टर घडी न् घडी उलगडून पाहिला. काळा, पण एकसारखा. बोटाला खरखर नाही. गाडीच्या पुस्तिकेतला मेंटेनन्सचा तक्ताही त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण वाचला. ऑइल आहे, फिल्टर आहे, कूलंट आहे, फ्लश नावाचं खातंच नाही.

इथे थांबले असते तर हा अभिप्राय ‘घेऊ नका’ एवढ्यावर संपला असता. पण घरात दुसरी गाडी आली, आणि जुनी एक आठवण वर आली.

आठवण सासऱ्यांच्या मारुती ८०० ची. ८०० बिचारी गुणी गाडी, पण सासरे ऑइल ‘बदलायचे’ नाहीत, ‘वाढवायचे’. कमी झालं की वरून अर्धा लिटर. २०१० च्या आसपास कुणीतरी त्यांच्या डोक्यात फ्लशचं भरवलं. एका गॅरेजात बाटलीसुद्धा वापरली नाही, जुनाच उपाय केला. ऑइलमध्ये डिझेल ओतलं, इंजिन फिरवलं, काढलं, नवीन ऑइल भरलं. दुसऱ्या दिवशी आम्ही रत्नागिरीला निघालो. मलकापूर सोडलं, आंबा घाटाच्या अलीकडे चहाला गाडी हळू केली आणि डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. रेस दिली की जायचा, सोडली की यायचा. सासरे म्हणाले सेन्सर असेल. मी म्हटलं इंजिन बंद करा. त्या दिवशी आमच्यात झालेलं बोलणं इथे लिहिण्यासारखं नाही.

गाडी टोचन करून परत आणली. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, उतरवला तर ऑइल पंपाला तेल देणारी जाळी काळ्या चिकट्याने लिंपलेली. पंधरा वर्षांची घाण भिंतीला धरून बसली होती, कुणाला त्रास देत नव्हती. डिझेलने ती सोडवली, पण विरघळवली नाही. सुटलेले पोपडे खाली वाहत आले आणि नेमके जाळीवर जाऊन बसले. जाळी तुंबली की पंपाला तेल मिळत नाही, दाब पडतो, बेअरिंगं कोरडी. घाटात शिरलो असतो तर इंजिन गेलंच असतं.

म्हणून धाकट्या दिराने गेल्या दिवाळीत २०११ ची वॅगनआर घेतली आणि दुसऱ्याच आठवड्यात “वहिनी, फ्लश मारून घेतो, ६०० रुपये म्हणतोय” असा फोन केला, तेव्हा मी त्याला आहे तिथे थांब म्हटलं. तिसरा मालक तो. मीटरवर ६८,००० आणि सर्व्हिसचा एकही कागद नाही. मीटर ऐकून मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त क्लचच्या पायडलचं झिजलेलं रबर दाखवलं.

झाकण काढलं. आतून काळा थर, चुलीवरच्या तव्याच्या बुडाला असतो तसा. नखाने खरवडला तर चुरा निघेना, मेण निघावं तशी वळी निघाली. अशी घाण होते कशी, तर ऑइल वेळेवर न बदलल्याने आणि गाडी शाळा-भाजी-देऊळ एवढीच चालवल्याने. दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही. आत जमलेला दमटपणा आणि ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल उडून जायला उष्णताच मिळत नाही, मग ते ऑइलमध्येच आंबतं. शिवाय पीसीव्ही वाल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ ओढून बाहेर काढणारी छोटीशी झडप. मिस्त्रींनी ती काढून माझ्या कानाशी हलवली. चांगली असेल तर आत खुळखुळ्यासारखी वाजते. ही मुकी होती. चिकट्याने गच्च.

दिराचं म्हणणं, एवढी घाण आहे तर फ्लश पाहिजेच ना? वरवर बरोबर वाटतं, आणि हीच खरी अडचण आहे. ज्या गाडीला फ्लशची गरज दिसते, तिलाच तो सगळ्यात धोक्याचा. माझ्या स्विफ्टला फ्लशने काही बिघडलं नाही, कारण सुटण्यासारखं काही नव्हतंच. वॅगनआरमध्ये सुटण्यासारखं पोतंभर होतं.

मिस्त्रींनी केलेला क्रम असा. आधी चेंबरच उतरवला. जाळी निम्मी झाकलेली होती. ती हाताने धुतली, चेंबर खरवडून पुसला, नवीन सीलंट लावून बसवला. पीसीव्ही नवा. पुस्तिकेत चालणाऱ्या ग्रेडचं पण स्वस्तातलं ऑइल आणि नवा फिल्टर. १,००० किलोमीटरला ते ऑइल आणि फिल्टर काढून टाकला, पुन्हा तसंच भरलं. त्यावर २,५०० चालवली. या काळात दिराला एकच काम होतं, आठवड्यातून एकदा गाडी कागलपर्यंत तरी न्यायची, इंजिन चांगलं तापू द्यायचं आणि लाल दिव्यावर डोळा ठेवायचा. साबणाचं काम ऑइललाच करू दिलं, पण हळूहळू, म्हणजे जे सुटेल ते बारीक सुटेल आणि फिल्टरमध्ये अडकेल.

सकाळी पहिल्या स्टार्टला वरून जी टकटक यायची ती दुसऱ्या ऑइलनंतर बरीच कमी झाली. तेव्हा फ्लश अजून आलाच नव्हता, हे नोंदवून ठेवते.

आणि मग, तिसऱ्या ऑइलच्या वेळी, मिस्त्री स्वतःहून म्हणाले, “आता टाकू बाटली. आता भ्या न्हाई.” ३०० मिलीची नेहमी मिळते ती बाटली, ४८० रुपये. उघडली की घासलेटचा भपका. अशी बाटली साधारण पाच लिटरपर्यंतच्या ऑइलला पुरते. वॅगनआरच्या पोटात तीन लिटरच्या आतबाहेर मावतं, म्हणून त्यांनी २०० मिलीच ओतली, तेही थोडं ऑइल आधी काढून, नाहीतर पट्टीवरची वरची खूण ओलांडते. गाडी आधी रंकाळ्याला एक फेरी मारून गरम केलेली. ऑइल भरायचं झाकण लावलं, इंजिन आयडलवर. मी घड्याळ लावलं, सवयच लागली आहे. बारा मिनिटं. मधे दिराने सहज म्हणून ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला तर मिस्त्री ओरडले. त्या वेळी ऑइल नेहमीपेक्षा पातळ असतं, धातू आणि धातूमधला पडदा विरळ झालेला असतो. म्हणून गाडी हलवायची नाही, रेस द्यायची नाही. टर्बोच्या गाडीला तर मुळीच नाही, टर्बोचं बेअरिंगही त्याच ऑइलवर फिरतं.

नट सोडला तेव्हा धार बघण्यासारखी होती. ऑइलची धार शेवटी शेवटी मधासारखी रेंगाळते. ही पाण्यासारखी भळभळ आली आणि लगेच तुटली. गरम असताना दहा मिनिटं तशीच निथळू दिली, कारण जेवढं आत राहील तेवढं नव्या ऑइलला पातळ करणार. ट्रेच्या तळाशी कॉफीच्या पुडीएवढे काळे कण. मिस्त्रींनी त्यात लोहचुंबक फिरवला. काही चिकटलं नाही, म्हणजे जळकट आहे, लोखंड नाही. दिराचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला. फिल्टर हॅक्सॉने कापला, तर कागदाच्या घड्यांत तीच पूड, पण आधीच्या दोन फिल्टरांपेक्षा कमी. जास्तीचं काम आधीच झालं होतं, बाटलीने शेवटचा हात फिरवला.

नव्या ऑइलवर १,००० झाल्यावर डिपस्टिक तपकिरी आहे, आरपार दिसते. पेट्रोल गाडी, तिथे या रंगाला काहीतरी अर्थ आहे. इंजिनाच्या आवाजात बाटलीनंतर मला काही फरक ऐकू आला नाही. मायलेज वाढलं असं दीर सांगतो. तो नवीन टायरमध्ये हवा भरली तरी मायलेज वाढलं म्हणतो.

हिशोब द्यायचा तर तीन वेळचं ऑइल-फिल्टर प्रत्येकी १,३०० म्हणजे ३,९००, चेंबर उतरवून बसवायची मजुरी १,२००, पीसीव्ही २५०, बाटली ४८०. एकूण ५,८३०. सहाशेत होणारं काम वहिनीने सहा हजारांवर नेलं, असं तो सगळ्यांना सांगतो. सांगू दे. त्याला आंब्याच्या अलीकडचा तो लाल दिवा माहीत नाही.

तर बाटली वाईट नाही. ती जे सांगते ते करते, फक्त सांगितल्यासारखी वापरली तर. पाचपैकी तीन देईन, कारण नीट बघितलेल्या गाडीला तिच्याविना काही अडत नाही. वर्कशॉपच्या त्या सातव्या ओळीला एकही देणार नाही. तुमच्या गाडीचं ऑइल वेळेवर बदललं जात असेल तर हेच ५०० रुपये चांगल्या ऑइलला घाला, किंवा १०,००० च्या ऐवजी ८,००० ला बदला. गाडी वॉरंटीत असेल आणि कुणी फ्लशचा आग्रह धरला, तर जॉब कार्डवर ‘कंपनीच्या शिफारशीनुसार’ असं लिहून मागा. मी मार्चमध्ये एका क्लायंटच्या नव्या गाडीसाठी मागितलं. ॲडव्हायझरने पेन उचललं, ठेवलं आणि ओळच काढून टाकली. काचेच्या अलीकडून घड्याळ मात्र लावत जा, काहीही असलं तरी.

जुन्या गाडीचं झाकण काढून आत पांढुरकी, ताकावरच्या लोण्यासारखी साय दिसली, तर फ्लशचा विचार बाजूला ठेवा. पावसाळ्यात आखूड फेऱ्यांनी तसं होऊ शकतं, पण कूलंटही ऑइलमध्ये शिरत असू शकतं. मग प्रश्न हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालच्या सीलचा असतो. तिथे बाटलीचा काही उपयोग नाही.

उरलेल्या १०० मिलीवर माझ्या मुलाची नजर होती, त्याच्या स्प्लेंडरसाठी. मिस्त्रींनी हातातून काढूनच घेतली. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. असलं काही गेलं की प्लेटा घसरायला लागतात, मग रेस दिली तरी गाडी पुढे जात नाही. स्प्लेंडर वाचली. ट्रेमधलं जळकं ऑइल संध्याकाळी सेंट्रिंगवाला कॅनमधून घेऊन गेला, स्लॅबच्या प्लेटांना लावायला. गेल्या आठवड्यात मी मिस्त्रींकडे टायर दाखवायला गेले होते, तर ती उरलेली बाटली एका वाटीत ओतलेली आणि तिच्यात कुणाच्या तरी टेम्पोचा गंजलेला बोल्ट भिजत पडलेला.